टिळकांची ख्रिस्तनिष्ठा
धर्म बदलला कीं माणूस आपल्या देशाला व भाषेला अंतरतो, हा समज रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या चरित्रानें खोटा ठरतो. १८९५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याचें मोल घरानें दिलें. लक्ष्मीबाईंस कांहीं वर्षें पतीपासून दूर राहावें लागलें. पुढें १९०० सालीं त्याही स्वतःच्या विचारानें ख्रिस्ती झाल्या. टिळकांनीं ख्रिस्तास गुरु मानिलें आणि त्याची भक्ति अभंग-ओवींत गाइली. इतकेंच नव्हे, तर १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून, बाप्तिस्मा न घेतलेल्या भक्तांसही मोकळा असा ‘देवाचा दरबार’ स्थापिला. १९१९ सालीं ते वारले, तेव्हां ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें; तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. ज्या श्रद्धेनें संसार दुभंगला, तीच अखेर उभयतांचें जीवितकार्य झाली.