सार्डोनिक हसू : न हसणाऱ्या चेहऱ्याची गोष्ट

धनुर्वाताचा रुग्ण मी पहिल्यांदा पाहिला तो विद्यार्थीदशेत, एका अंधाऱ्या खोलीत. उजेडाने आणि आवाजानेही झटके येतात, म्हणून खिडक्या झाकलेल्या होत्या. रुग्णाच्या भुवया वर चढलेल्या, ओठांचे कोपरे बाहेर ओढलेले, दात दिसत होते. दारातून पाहणाऱ्याला वाटावे, हा हसतोय. प्रत्यक्षात तो पूर्ण शुद्धीवर होता आणि असह्य वेदना सोसत होता.

या चेहऱ्याला वैद्यकाच्या पुस्तकात 'रिसस सार्डोनिकस' म्हणतात. लॅटिनमध्ये 'रिसस' म्हणजे हसू. मग 'सार्डोनिकस' म्हणजे काय?

हा शब्द फार जुना आहे. होमरच्या 'ओडिसी'मध्ये भिकाऱ्याच्या वेषात घरी परतलेल्या ओडिसियसवर एक उन्मत्त पाहुणा बैलाचा खूर फेकतो. ओडिसियस मान वळवून तो चुकवतो आणि मनातल्या मनात एक कडवट हसू हसतो. तिथे 'सार्डानियन' असा शब्द आहे. पुढच्या काळातल्या ग्रीकांनी त्याचा संबंध भूमध्य समुद्रातल्या सार्डिनिया बेटाशी जोडला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासवर्णनकार पॉसेनियस लिहितो, की या बेटावर सेलरीसारखी दिसणारी एक विषारी वनस्पती आहे आणि ती खाणारा हसत हसत मरतो.

ही केवळ दंतकथा नसावी. २००९ साली इटलीतल्या संशोधकांनी सार्डिनियातील 'ईनांथी' या वनस्पतीतल्या विषाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही वनस्पती आपल्या गाजर-कोथिंबिरीच्याच कुळातली आहे.

आता यातली गंमत पाहा. आपल्या स्नायूंना 'आवळ' असा आदेश मिळतो, तसाच 'थांब' असाही मिळतो. 'थांब' सांगणाऱ्या रसायनांपैकी एक म्हणजे 'गाबा'. ईनांथीचे विष गाबाचे काम अडवते. धनुर्वाताच्या जंतूंचे विष तर गाबा आणि ग्लायसिन ही दोन्ही रसायने बाहेरच पडू देत नाही. वनस्पती वेगळी, जंतू वेगळा; पण दोघेही शरीराचा ब्रेकच निकामी करतात. जबड्याचे स्नायू आवळले की दातखीळ बसते, चेहऱ्याचे आवळले की हे खोटे हसू उमटते.

इंग्रजीत याच शब्दापासून 'सार्डोनिक', म्हणजे कुत्सित, हा शब्द आला. आपण मात्र आजाराचे नाव चेहऱ्यावरून नाही, तर धनुष्यासारख्या वाकणाऱ्या पाठीवरून ठेवले : धनुर्वात.

धनुर्वाताची लस बाळाला, शाळकरी मुलांना आणि गर्भवतींना दिली जाऊ लागल्यापासून हा चेहरा दुर्मीळ झाला. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून दूर झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. पण दूर होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. याचे जंतू मातीत, शेणात कायम असतात. त्यांना गंजलेला खिळाच लागतो असे नाही, काटाही पुरतो. आणि एकदा धनुर्वात होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, ती लसीनेच येते.

म्हणून जखम झाली की आधी साबण-पाण्याने स्वच्छ धुवा आणि शेवटची लस कधी घेतली होती ते आठवा. आठवत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. ते हसू चेहऱ्यावर उमटेपर्यंत थांबू नका.