कोंदिविट्याचे जुने देऊळ व त्याची भूमी

नगररचनाकार भूमीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे वर्ग पाडितात. परंतु एखादी वास्तू कोणत्याच वर्गात नीट बसत नाही. अंधेरीनजीक कोंदिविटे येथील संत योहान बाप्तिस्ताचे देऊळ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. इ. स. १५७९ मध्ये येशूसंघीय पाद्र्यांनी ते बांधिले. सन १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे आमच्या पूर्वजांस ते सोडावे लागले, आणि बाप्तिस्म्याचे कुंड व वेद्या मरोळच्या नव्या देवळात नेण्यात आल्या. पुढे सभोवतालची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. १९७३ मध्ये निर्यातीसाठी 'सीप्झ' क्षेत्र स्थापन झाले व हे देऊळ त्याच्या कुंपणाच्या आत राहिले.

छप्पर नाही, नित्याची उपासना नाही. मग यास प्रार्थनास्थळ म्हणावे की पडीक इमारत? तरी दरवर्षी मे महिन्यात एके दिवशी भाविकांसाठी फाटक उघडते व त्या उघड्या भिंतींमध्ये पवित्र मिस्सा होते. जी उपासना वर्षातून एकदाच, पण नेमाने होते, तिने ती भूमी प्रार्थनेचीच राहते, असे आम्हांस वाटते. यास्तव, वाचकहो, त्या सणास मुलाबाळांसह अवश्य जावे. कागदावर काहीही लिहिलेले असो, आपली उपस्थिती हाच त्या भूमीच्या वापराचा खरा पुरावा होय.