गिरणीचे नाव आणि कलावंतांची घरे

इंदूरमध्ये पत्ता सांगताना आजही सर्रास 'मालवा मिल चौराहा' म्हटले जाते. गिरणी बंद पडून बरीच वर्षे लोटली, पण तिचे नाव वस्तीला चिकटून राहिले. जुन्या कारखान्याचे रूपांतर करताना अशा नावाचे काय करावे? अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरातील 'ए-मिल'चे उदाहरण आम्हांला या दृष्टीने उद्बोधक वाटले. त्याची थोडक्यात माहिती सभासदांसाठी देत आहोत.

इमारत

आपल्याकडे पिठाच्या पिशवीवर दिसणारे 'पिल्सबरी' हे नाव मूळ याच शहरातले. मिसिसिपी नदीवरील सेंट ॲन्थनी धबधब्याजवळ या कंपनीची पिठाची गिरणी १८८१ साली उभी राहिली. रचनाकार होते लिरॉय बफिंग्टन. भिंती चुनखडीच्या दगडाच्या, तर यंत्रे पाण्याच्या जोरावर चालणारी. सुमारे चाळीस वर्षे ही जगातील सर्वांत मोठी पिठाची गिरणी मानली जाई. कंपनीच्या गिरण्यांना अक्षरे दिलेली होती, त्यांतली ही 'ए'. १९६६ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. २००३ मध्ये दळण थांबले आणि २०११ मध्ये अमेरिकेतील धोक्यात आलेल्या वारसास्थळांच्या यादीत तिचे नाव आले. पुढे डोमिनियम या गृहनिर्माण कंपनीने येथे कलावंतांसाठी भाड्याची २५१ घरे केली. गिरणीच्या जुन्या जलमार्गातून वीजनिर्मितीही सुरू झाली.

नाव आणि पाटी

नव्या वसाहतीचे नाव ठेवले 'ए-मिल आर्टिस्ट लॉफ्ट्स'. एखादे नवे, चकचकीत नाव देता आले असते, पण कामगारांच्या तोंडी असलेले 'ए-मिल' कायम ठेवले. 'पिल्सबरीज बेस्ट फ्लॉअर' ही नदीपलीकडून दिसणारी भव्य पाटीही दुरुस्त करून पुन्हा उजळवली. पीठ तेथे आता दळले जात नाही, तरी पाटी शहराची ओळख म्हणून राहिली. आम्ही बँकेच्या भाषेत सांगायचे तर, हा पिढ्यांनी जमवलेला नावलौकिक आहे. तो बुडीत खाती टाकणे शहाणपणाचे नव्हे.

'कलावंत' या शब्दाचे वजन

नावातला 'आर्टिस्ट' हा शब्द मात्र नुसता शोभेचा नाही. प्रकल्पाला वारसा-जतनासाठीची आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठीची, अशा दोन्ही करसवलतींचा आधार होता. म्हणून भाडेकरूच्या उत्पन्नाला मर्यादा आहे. करसवलतीची घरे सर्वांना खुली असावीत हा सामान्य नियम, पण २००८ च्या कायद्याने कलावंतांना प्राधान्य देण्याची मुभा स्पष्टपणे दिली. यावर आक्षेपही आला. मिनेसोटा विद्यापीठातील एका संस्थेने २०१६ मध्ये असे निरीक्षण मांडले की, या भागातील कलावंतांच्या अनुदानित घरांत राहणारे बहुसंख्य गोरे आहेत आणि गरजू कृष्णवर्णीय कुटुंबे बाहेर राहतात. म्हणजे पाटीवरचा एक शब्द चाळणीचेही काम करतो.

आपल्यासाठी बोध

इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकबाकीसाठी तीन दशके थांबावे लागले. २२४ कोटी रुपयांच्या रकमेचा मार्ग डिसेंबर २०२३ मध्ये मोकळा झाला. आमच्या मते, जुन्या गिरणीचे नाव पुढे चालवायचे तर तिच्यात राबलेल्यांचा हिशेब आधी पुरा व्हावा. मग पाटी लावताना दोन गोष्टी पाहाव्यात. जुने नाव लोकांच्या तोंडी आहे तसेच ठेवावे. आणि नव्या नावात 'कलावंत' किंवा 'कामगार' असा शब्द घातला, तर घर कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, हे नियमांत स्वच्छ लिहावे. आपल्या भागातील जुन्या गिरण्यांविषयी सभासदांच्या आठवणी असल्यास त्या मंडळाकडे जरूर लिहून द्याव्यात.