अवाबाईंची अट

मार्गासनीहून भाजीचा टेम्पो पुण्याला निघाला, की नसरापूरनंतर हमरस्ता लागतो आणि वाटेत खेड शिवापूरचा टोलनाका येतो. टोल टेम्पोवाला भरतो, पण आपल्याकडून भाडं घेताना त्याने तो आधीच धरलेला असतो. शेवटी तो आपल्या मेथीच्या जुडीतूनच जातो. यावरून आमच्या गटात बोलणं निघालं आणि आम्ही पुलांचा इतिहास वाचायला घेतला.

इंग्लंडात थेम्स नदीवर स्विनफर्ड इथे १७६९ सालचा दगडी पूल आहे. तो बांधून टोल घ्यायचा हक्क तिथल्या पार्लमेंटने कायदा करून एका सरदाराला दिला. हा पूल आजही खाजगी मालकीचा आहे. मोटारीमागे पाच पेनी घेतात. २००९ साली घर-जमीन विकावी तसा तो लिलावात विकला गेला. खर्च निघाला, पिढ्या सरल्या, पण वसुली चालूच.

आता आपल्या मुंबईची गोष्ट ऐका. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये मिठी नदीच्या मुखाशी खाडी आहे. पूर्वी ती नावेनेच ओलांडावी लागे. पावसाळ्यात नावा उलटत, माणसं बुडत. तिथे रस्ता बांधायला कंपनी सरकारने पैसे नाकारले. तेव्हा जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या. त्यांनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी! पण देताना त्यांनी एक अट घातली: या वाटेवर सरकारने टोल घ्यायचा नाही. १८४५ साली माहीमचा कॉजवे लोकांसाठी खुला झाला. माहीममधला लेडी जमशेटजी रस्ता अवाबाईंच्याच नावाचा.

पैसे देणारे पुष्कळ असतात. आम्हाला मोठी वाटते ती अट. टोल बसला असता, तर डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या बाईलाही रोज हिशेब करावा लागला असता. आज त्याच भागात २००९ साली झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू आहे. त्यावर टोल आहे, आणि पायी माणसाला व दुचाकीला मनाई आहे. कॉजवेवरून मात्र कुणीही फुकट जावं.

पुलाची डागडुजी फुकट होत नाही, हे आम्हालाही कळतं. त्यासाठी कुणीतरी पैसे द्यायलाच हवेत. पण ते कुणी आणि किती वर्षं द्यायचे, हे आधी ठरायला हवं. म्हणून मैत्रिणींनो, ग्रामसभेत रस्त्याचा किंवा पुलाचा विषय निघाला, तर मागे बसून राहू नका. तीन प्रश्न विचारा. पैसा कुणाचा? वसुली कुणाकडून? आणि ती थांबणार कधी? अवाबाईंनी पैसे देण्याआधीच अट घातली होती. आपणही आधीच विचारू या.