दुखणे नसतानाची तपासणी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आणि डॉक्टरची पायरीही त्याच हिशेबात धरण्याची आपल्या घरांतून रीत आहे. काही दुखतखुपत नसताना दवाखान्यात जाणारा मनुष्य एक तर हौशी असावा नाही तर भित्रा असावा, असे आपण मानतो. ही समजूत निव्वळ अडाणीपणाची आहे असे आम्हांस वाटत नाही. शेकडो पिढ्या वैद्याचा व्यवहार रोग्याच्या तक्रारीपासूनच सुरू होत आला. आयुर्वेदाने निरोगी माणसाचा विचार केला नाही असे नव्हे. दिनचर्या आणि ऋतुचर्या त्याच्यासाठीच सांगितल्या. परंतु निरोगी दिसणाऱ्या देहात दडून बसलेला रोग ठराविक मुदतीने हुडकीत राहावे, ही कल्पना निराळी आहे, आणि तिला अद्याप पुरती दोनशे वर्षेही झालेली नाहीत.

लंडनच्या छातीच्या विकारांच्या रुग्णालयातील डॉक्टर होरेस डोबेल यांनी १८६१ साली आपल्या व्याख्यानांतून ही कल्पना मांडली. रोगी आमच्याकडे येतो तेव्हा रोगाचे मूळ केव्हाच खोल गेलेले असते; म्हणून माणसांनी नियमित मुदतीने स्वतःस तपासून घ्यावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण डोबेलसाहेबांना ठाऊक असती तर त्यांनी ती खचित वापरली असती! पण त्या काळी डॉक्टरच्या हाती नळी, नाडी आणि बोटांची टकटक यांपलीकडे फारसे काही नव्हते.

ही कल्पना व्यवहारात आणण्याचे श्रेय मात्र विमा कंपन्यांकडे जाते. माणूस किती जगेल याची खरी काळजी त्याच्या आप्तांखालोखाल कोणास असेल तर ती त्याचा विमा उतरविणाऱ्यास! १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘लाइफ एक्स्टेन्शन इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष टाफ्ट तिचे प्रमुख झाले आणि विमेदारांच्या नियमित तपासण्या सुरू झाल्या. पुढे १९२२ साली अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनेही या पद्धतीस पाठिंबा दिला.

दरम्यान तपासणीच्या हाती एक खरेखुरे हत्यार आले होते. १८९६ साली तुरीनच्या रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला बांधायच्या रबरी पट्ट्याचे आणि पाऱ्याच्या नळीचे यंत्र केले. १९०५ साली रशियन शस्त्रवैद्य कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली नळी ठेवून आवाज ऐकण्याची युक्ती सांगितली, आणि रक्तदाबाचे वरचे व खालचे दोन्ही आकडे हाती आले. वसंत व्याख्यानमालेची परंपरा ज्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली ते न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत हृदयविकाराने गेले. वय अठ्ठावन्न पुरे होऊन एकोणसाठावे सरत आले होते. यंत्र तेव्हा जगात होते. पण ते अजून प्रयोगशाळा आणि शस्त्रक्रियागृहे यांच्या आसपासच घोटाळत होते.

यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही, आणि याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा आहे. त्यांच्या दिमतीला खास डॉक्टर होता. तो नाक-कान-घशाचा तज्ज्ञ होता, ही गोष्ट वेगळी. तपासण्या होत होत्या आणि आकडेही लिहिले जात होते. १९३५ मध्ये १३६ वर ७८, १९३७ मध्ये १६२ वर ९८, १९४१ च्या फेब्रुवारीत १८८ वर १०५. चढण अगदी सरळ दिसते. आज एखाद्या तालुक्याच्या गावातील डॉक्टरही असा कागद पाहून खुर्चीत सावरून बसेल. पण त्या काळी वय वाढले की दाब वाढायचाच, कित्येकदा तो वाढणे देहाच्या हिताचेच असते, असे मोठमोठे डॉक्टर मानीत.

१९४४ च्या मार्चअखेर हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी अध्यक्षांना प्रथमच नीट तपासले. दाब १८६ वर १०८, हृदय वाढलेले, ते थकत चालल्याची चिन्हे स्पष्ट. डिजिटॅलिस दिले, विश्रांती सांगितली, सिगारेटी कमी करविल्या. आपल्या प्रकृतीचे काय, असे रूझवेल्ट यांनी त्यांना कधी विचारलेच नाही, असे ब्रुएन यांनी पुढे १९७० मध्ये लिहिले आहे. त्याच नोव्हेंबरात अध्यक्ष चौथ्यांदा निवडून आले, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दुपारचा दाब तीनशेवर होता. वय त्रेसष्ट.

येथे तपासणीची उणीव नव्हती. उणीव उपायाची होती, आणि थोडीशी ऐकून घेण्याच्या इच्छेचीही. दाब उतरविल्याने माणूस वाचतो हे ठामपणे सिद्ध व्हावयास १९६७ साल उजाडले. एडवर्ड फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. ७० जणांस नकली गोळी, ७३ जणांस खरे औषध दिले. दोन वर्षेही पुरती झाली नाहीत तोच पहिल्या गटात २७ गंभीर प्रसंग ओढवले, दुसऱ्यात दोन. ज्या आकड्याकडे पाहून रूझवेल्टचे डॉक्टर हतबल झाले होते, त्याच्यावर आता साध्या गोळ्या आल्या होत्या.

मग सर्व काही दरसाल तपासून का घेऊ नये? आम्हांस वाटते, आज चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या सुशिक्षित माणसाची गफलत येथेच होते. कालचा न तपासणारा आज एकदम सत्तर चाचण्यांची थाळी मागवितो. कॅनडातील तज्ज्ञ समितीने १९७९ सालीच सरसकट वार्षिक तपासणी सोडून देण्याचा सल्ला दिला. वय, स्त्री-पुरुष भेद आणि धोका पाहून नेमक्या तपासण्या कराव्यात, असे तिचे म्हणणे. २०१२ मध्ये १४ प्रयोगांतील १,८२,८८० लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा सरसकट तपासणीने मृत्यू घटल्याचे दिसले नाही. दक्षिण कोरियाचे उदाहरण तर विलक्षण आहे. तेथे सरकारी तपासण्यांच्या जोडीस गळ्याची ध्वनिलहरींची तपासणी फुकट किंवा थोड्या पैशांत होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरापट झाले, हजारोंच्या ग्रंथी कापल्या गेल्या, आणि त्या रोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण होते तेथेच राहिले.

कोणती तपासणी करण्यालायक, याची कसोटी विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली घालून दिली होती. रोग महत्त्वाचा हवा, तो दडून राहण्याचा काळ हवा, चाचणी लोकांना झेपणारी हवी आणि सापडल्यावर करावयास उपाय हवा. ही कसोटी लावली म्हणजे यादी आखूड होते, पण ती फार मोलाची राहते. रक्तदाब आणि साखर या दोहोंवर तर दुमत संभवतच नाही. कारण दोन्ही मुळीच दुखत नाहीत. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्याने तोंड दाखवावे. त्याला लागतो तो उजेड आणि जाणता डोळा. मधुमेह्याने डोळ्याचा पडदा आणि पाय दाखवावेत. आणि स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी करवावी. जिच्याविषयी आपल्या घरांत सर्वांत कमी बोलले जाते.

या शेवटच्या तपासणीचा जगाला उपयोगी पडलेला पुरावा आपल्याच मुलखातला आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय यांनी परदेशी संशोधकांच्या साहाय्याने १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. तीन गटांची तीन निरनिराळ्या पद्धतींनी एकदाच तपासणी झाली. सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, निकाल प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने मृत्यू ३४. नेहमीसारख्याच राहिलेल्या चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीचा हा फरक.

चौथ्या गटातील स्त्रियांना रोगाची माहिती आणि तपासणी कोठे होते हे सांगण्यात आले होते. प्रत्यक्ष तपासणी मात्र प्रयोगात देण्यात आली नव्हती. त्यावरून पुढे मोठा वाद झाला, तो योग्यच होता. त्या जिल्ह्यात स्त्रियांची अशी तपासणी पूर्वीही कोणी करीत नव्हते, असे प्रयोग करणाऱ्यांचे उत्तर होते. तेही खरे होते.