डोंगरमाथ्यावरची दैवते : गारखेड्याहून वेरूळपर्यंतची वाट

गारखेड्याच्या दक्षिणेला साताऱ्याचा डोंगर आहे. उत्तरेला लेण्यांचा डोंगर, तर वायव्येकडे देवगिरीचा सुळका आणि त्यामागे खुलताबाद-म्हैसमाळचे पठार. चहूबाजूंनी डोंगर आणि मधल्या सपाटीवर गाव, अशी या परिसराची ठेवण आहे. १९८२ साली औरंगाबाद महानगरपालिका अस्तित्वात आली, शहर वाढत गेले आणि शेताशिवाराचे गारखेडे आज छत्रपती संभाजीनगरच्या भर वस्तीत आले. बांधावरून दिसणारे डोंगर आता इमारतींच्या फटीतून शोधावे लागतात. तरीही चैत्र, श्रावण, आश्विन आणि मार्गशीर्ष या महिन्यांत येथील माणसांची पावले त्याच डोंगरांकडे वळतात. गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार होत असताना या डोंगरवाटेची आणि तिच्यावरील दैवतांची ओळख नव्या पिढीला करून देणे अगत्याचे आहे.

साताऱ्याचा खंडोबा

गारखेड्याला सर्वांत जवळचे डोंगरदैवत म्हणजे सातारा गावचा खंडोबा. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या मंदिरात मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षड्‌रात्रोत्सव चालतो आणि चंपाषष्ठीला मोठी यात्रा भरते. भंडाऱ्याची उधळण होते, वांग्याचे भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि अनेक घरांतून चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे त्या दिवसापासून पुन्हा खाण्यात येते.

खंडोबा हा मुळात डोंगरावर राहणारा देव. जेजुरीस कडेपठारावर त्याचे जुने ठाणे आहे आणि त्याहून खालच्या टेकडीवर आजचा प्रसिद्ध गडकोट. कडेपठार चढण्याची शक्ती उरली नाही अशा वृद्ध भक्तासाठी देव स्वतः खाली आला, अशी तेथील कथा. महाराष्ट्रातील अनेक डोंगरदेवतांविषयी याच धर्तीच्या कथा सांगितल्या जातात. त्यांचे मर्म ध्यानी घेण्यासारखे आहे. तरुणपणी भक्ताने डोंगर चढावा आणि गुडघे थकले की देवाने उतरावे, असा हा परस्परांचा करार आहे. गावातील मंदिर म्हणजे डोंगरावरून भक्तासाठी खाली आलेला देव. म्हणूनच गावच्या देवळाचा जीर्णोद्धार हा ज्यांना आता वर जाता येत नाही त्यांच्या सोयीचा पहिला विचार असतो. पायरी उतरती असावी, कठडा हाताला यावा, सावलीला ओटा असावा, या गोष्टी कळसाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

भांगसीमाता आणि देवगिरी

शहरातून छावणीमार्गे वेरूळ रस्त्याला लागले की छावणीतच कर्णपुऱ्याच्या देवीचे स्थान लागते. बिकानेरचे राजे कर्णसिंह यांच्या नावावरून हा पुरा वसला. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. पुढे मिटमिट्यानंतर शरणापूरच्या शिवारात भांगसीमातेचा गड दिसतो. गड लहान, पण त्याच्या माथ्यावर कातळात कोरलेल्या खोल्या आणि पाण्याची टाकी आहेत. नवरात्रात पहाटेपासून बायाबापड्या, लेकरे आणि तरुण मंडळी हा गड चढतात.

तेथून दौलताबाद, म्हणजे यादवांची देवगिरी. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी केली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली, १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे हलवली आणि गावाचे नाव दौलताबाद झाले. १६३३ साली किल्ला निजामशाहीकडून मोगलांकडे गेला. राज्ये बदलत गेली, परंतु भाविकाच्या दृष्टीने या गडाची थोरवी वेगळीच आहे. निजामशाहीच्या काळात येथे किल्लेदार असलेले जनार्दनस्वामी (१५०४-१५७५) हे संत एकनाथांचे गुरू. खंदक ओलांडून, अंधारी नावाच्या काळोख्या भुयारातून वर निघून, गणपतीचे दर्शन घेऊन, बारादरीवरून आणखी चढून गेले की माथ्यानजीक स्वामींची गुहा लागते. दत्तोपासक स्वामींमुळे गडावर गुरुवारी कामकाजास सुटी असे, अशी परंपरा सांगते. स्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी पंथाचे मानले जातात. दत्त, नाथ आणि सूफी या परंपरा या डोंगरांत एकमेकींच्या शेजारी नांदल्या, ही गोष्ट या वाटेवर चालताना वारंवार प्रत्ययास येते.

पैठणचे एकनाथ (१५३३-१५९९) कोवळ्या वयात घर सोडून पायी देवगिरीस आले आणि गुरुसेवेत राहिले. गडाचे हिशेब लिहिण्याचे काम त्यांच्याकडे होते. एकदा एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर दिव्याच्या उजेडात वह्या चाळीत बसले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. ते पाहून स्वामी म्हणाले, एका पैसाठी जी एकाग्रता लागली तीच परमार्थात लाव. ही आख्यायिका महाराष्ट्रातील घराघरांत माहीत आहे. पै-पैशाचा चोख हिशेब हाही साधनेचाच भाग आहे, असा तिचा दुसरा अर्थ वर्गणी गोळा करणाऱ्या व देणाऱ्या दोघांनीही मनात ठेवावा.

सुलीभंजन आणि भद्रा मारुती

गुरूंच्या आज्ञेने नाथांनी तप केले ते खुलताबादेजवळच्या सुलीभंजन डोंगरावर. तेथे दत्तमंदिर आणि सूर्यकुंड आहे. पठाराच्या कडेवरून खालचा मुलूख दूरवर दिसतो. दत्तात्रेयांनी मलंगाच्या वेशात नाथांना दर्शन दिले, नाथ प्रथम ओळखू शकले नाहीत, अशी कथा आहे. पुढे नाथांनी भागवतावर टीका लिहिली, भारुडे रचली आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरीच्या पाठात शिरलेले अपपाठ दूर करून मूळ शब्द पुन्हा उजेडात आणण्याचे ते कार्य होते. तोही एक जीर्णोद्धारच. नाथांनी आपले नवे शब्द मूळ ग्रंथात घातले नाहीत, उलट कोणी तसे घालू नये असे बजावले. दगडाच्या जीर्णोद्धारालाही हाच नियम लावला तर बरे. जुनी कोरीव शिळा फेकून तेथे गुळगुळीत फरशी बसवली, मूर्तीवर तैलरंगाचे थर चढवले, तर देऊळ नवे दिसते, पण त्याची साक्ष पुसली जाते.

खुलताबादचा भद्रा मारुती हे या वाटेवरील सर्वांत गजबजलेले ठिकाण. येथील मारुती निद्रिस्त आहे. भद्रसेन राजाची भजने ऐकता ऐकता मारुतीरायाला भावसमाधी लागली आणि राजाने त्यांना येथेच राहण्याची विनंती केली, अशी कथा आहे. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातील शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून हजारो माणसे पायी निघतात. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. गारखेड्यातील मंडळीही त्यांत असतात. कोणी अनवाणी, कोणी नवसाचे, कोणी परीक्षेला बसलेले, कोणी केवळ मित्रांच्या संगतीने. रस्त्याच्या कडेला पाणी, चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटणाऱ्यांची रांग लागते. दौलताबादचा घाट चढताना बोलणी थांबतात, फक्त पावलांचा आवाज उरतो. पहाटे दर्शन होते आणि परतीला एस.टी.त जागा मिळाली तर मिळाली. त्याच खुलताबादेत सूफी संतांचे दर्गेही आहेत आणि त्यांच्या उरुसाला भोवतालची खेडी लोटतात.

म्हैसमाळची गिरिजा आणि वेरूळचा घृष्णेश्वर

खुलताबादेवरून पुढे म्हैसमाळ. जिल्ह्यातील हे थंड हवेचे ठिकाण, पण खेड्यापाड्यांतील माणसांना ते ठाऊक आहे गिरिजामातेमुळे. चैत्रात तिची यात्रा भरते. याच डोंगरातून गिरजा नदी निघते आणि पुढे पूर्णेस मिळते. डोंगर उतरून खाली आले की वेरूळ. येळगंगेच्या काठचे घृष्णेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. तळ्यात पार्थिव लिंगे विसर्जन करणाऱ्या घुष्मेची कथा येथे शिवालय तीर्थाशी जोडलेली आहे.

वेरूळ म्हणजे भोसल्यांचे गाव. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. त्याच मालोजींनी शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात हे पाहून तेथे तळे बांधले. पुढे अठराव्या शतकात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी घृष्णेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. लाल दगडातील आजचे देऊळ ते हेच. अहिल्याबाईंच्या धर्मकार्यात देवळांबरोबर घाट, विहिरी, बारव आणि धर्मशाळा यांची संख्या मोठी आहे. देवाला छप्पर आणि भक्ताला पाणी, या दोन्ही गोष्टी जुन्या दात्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

देव जेथे, पाणी तेथे

या सर्व स्थानांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. भांगसीगडावर टाकी, सुलीभंजनास सूर्यकुंड, म्हैसमाळी गिरजेचा उगम, वेरुळास शिवालय तीर्थ. देवस्थानाशेजारी पाणी हटकून आहे. याचे कारण डोंगरांच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हे काळ्या पाषाणाचे डोंगर झाले. घट्ट थर आणि त्यांमधले सच्छिद्र, भेगाळ थर एकाआड एक आहेत. पावसाचे पाणी भेगांतून मुरते, खालचा घट्ट थर लागला की अडते आणि कडेच्या झऱ्यातून बाहेर येते. पूर्वजांनी असे झरे हेरले, तेथे टाके खोदले आणि शेजारी देव बसवला. देवाच्या धाकाने पाणी स्वच्छ राहिले, भोवतालची झाडी तुटली नाही. पाण्यामुळे देवाला माणसे मिळाली आणि देवामुळे पाण्याला राखण मिळाली.

आज हा मेळ विसकटू लागला आहे. डोंगर बोडका झाला की पाऊस मुरत नाही, धावून जातो. झरा आटला की टाक्यात शेवाळ आणि कचरा साठतो. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी वाटेवर प्लास्टिकचे पेले आणि पत्रावळ्यांचा खच पडतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला त्यांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. त्यानंतर जायकवाडी धरण पुरे झाले, १९७६ साली त्याचे लोकार्पण झाले आणि त्याच्या जलाशयास नाथसागर हे नाव मिळाले. पैठणहून नाथ गुरूंकडे पायी आले, आणि आज पैठणहून नाथसागराचे पाणी नळाने गारखेड्यास येते. परंतु ते येण्यात किती दिवसांचा खंड पडतो हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. दूरच्या धरणावर सगळी भिस्त ठेवून जवळचा झरा विसरणे शहाणपणाचे नाही.

डोंगरमाथ्यावरच्या देवळांना जोडणारी पायवाट ही केवळ या देशाची गोष्ट नाही. स्पेनमध्ये सांतियागोच्या वाटेवर टेकड्यांवरील लहान प्रार्थनामंदिरे आहेत, जपानच्या शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची सुमारे १२०० किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. वाटेवरील खेडुतांनी यात्रेकरूला निवारा व अन्न द्यावे, हा तेथेही धर्म मानतात. अशा वाटा टिकल्या त्या चालणाऱ्यांच्या पायांनी आणि वाटेवरील गावांच्या हातांनी.

गारखेड्याच्या मंदिरासाठी ज्यांनी धन दिले, ज्यांनी श्रम दिले, ज्यांनी पिशवीभर सिमेंट किंवा मूठभर धान्य दिले, ते सर्व मालोजी-अहिल्याबाईंच्याच परंपरेतील दाते आहेत. देणगी लहान की मोठी हे देव पाहत नाही. मंदिराच्या छतावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरावे अशी सोय झाली, अंगणात वड-पिंपळ-कडुनिंबाची सावली राहिली, दरवर्षी एका यात्रेनंतर गावच्या तरुणांनी एका डोंगराची वाट झाडून काढली, तर कळसाला चढवलेल्या सोन्याहून त्याचे मोल अधिक ठरेल. वर डोंगरावर देव जागा राहावा आणि खाली गावात थकल्याभागल्या भक्तांसाठी त्याचे दार सदैव उघडे असावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.