दूध आणि वेत

गाईची किंमत कशावरून करावी, हा प्रश्न बाजारात फार लवकर सुटतो. गिऱ्हाईक कास पाहते, एका वेळची धार काढून बघते आणि लिटरच्या हिशेबाने सौदा करते. परंतु आणखी एक प्रश्न असतो, तो सहसा कोणी विचारीत नाही : ही गाय पुन्हा गाभण केव्हा राहील? संकरित गाईंच्या इतिहासाकडे पाहिले असता आम्हांस असे दिसते की, पहिल्या प्रश्नाचे उत्तर माणसाने मोठ्या हुशारीने मिळविले. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्याला हवामानालाच विचारावे लागले.

गोऱ्या फौजेला ताजे दूध व लोणी पुरविण्यासाठी १८८९ साली अलाहाबादेस पहिली लष्करी दुग्धशाळा निघाली. पुढे अशा दुग्धशाळांतून देशी गाई विलायती वळूंकडून फळविण्याचे प्रयोग होऊ लागले. पहिल्या पिढीने पाहणाऱ्यांचे डोळे दिपविले. देशी गाय पहिल्यांदा विण्यास साडेतीन-चार वर्षे लावते. तिची ही लेक अडीच-तीन वर्षांत व्याली आणि आईपेक्षा कितीतरी अधिक दूध देऊ लागली. तेव्हा साहजिकच असा विचार आला की, आठ आणे विलायती रक्ताने इतके साधते, तर बारा किंवा पंधरा आण्यांनी किती साधेल! हा हिशेब कागदावर बिनचूक होता. गोठ्यात तो चुकला. विलायती रक्त चढत गेले तशी जनावरे उन्हापुढे आणि गोचीडतापापुढे हार खाऊ लागली.

याचे कारण सोपे आहे. दूध तयार होणे म्हणजे अंगात उष्णता तयार होणे. दूध जितके अधिक, तितकी भट्टी मोठी. थंड मुलखातील गाईला हवा सुमारे २५ अंशांपलीकडे तापली की ही उष्णता बाहेर टाकणे जड जाते. ती धापा टाकते, चारा कमी खाते आणि दूध उतरते. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कोकणातले ३२ अंश तिला देशावरच्या ३२ अंशांहून अधिक छळतात.

तथापि दुधाची घट मालकास त्याच दिवशी भांड्यात दिसते. गर्भधारणेतील घट महिनोन् महिने दिसत नाही. उन्हाळ्यात माज थोडाच वेळ टिकतो, रात्रीच येऊन जातो किंवा मुका जातो. गाय फळली तरी कोवळा गर्भ पहिल्या काही दिवसांतच उष्णतेने नाश पावण्याचा संभव असतो. तेरा महिन्यांनी यावयाचे वेत अठरा महिन्यांवर गेले, की मधल्या दिवसांची वैरण-पेंड अंगावर बसते. गाय भाकड राहते. तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र भाकड राहत नाही.

उष्ण देशांतील कळपांच्या नोंदी एकत्र करून कनिंगहॅम व सिरस्टाड यांनी १९८७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेसाठी एक ग्रंथ सिद्ध केला. विलायती रक्त आठ आण्यांपर्यंत वाढते तोवर दूध वाढते, पहिले वेत लवकर येते आणि दोन वेतांतील अंतर कमी होते. त्यापुढे लाभ जवळजवळ थांबतो, असे त्यांस आढळले. शिवाय संकरितांचा आपसांत मेळ घातला की पुढील पिढीत संकराचे तेज ओसरते. भारतातील पैदाशीच्या धोरणातही ५० ते ६२.५ टक्के, म्हणजे आठ ते दहा आणे, ही मर्यादा सामान्यतः मानली गेली ती उगाच नव्हे.

पण एकच माप सर्व मुलखांस लागू पडते, असेही नाही. कर्नालचा कडक उन्हाळा ध्यानात घेऊन तेथील राष्ट्रीय संस्थेने १९७१ पासून होल्स्टीनशी थरच्या वाळवंटातील थारपारकर जोडली व ‘करण फ्रीज’ उभी केली. केरळात १९६३ साली स्वित्झर्लंडच्या साहाय्याने मट्टुपेट्टीच्या थंड डोंगरावर ब्राऊन स्विस वळू ठेवले. त्यांच्या लेकी मात्र खाली दमट सखल भागात नांदावयाच्या होत्या, म्हणून आया स्थानिक घेतल्या. त्यांतून ‘सुनंदिनी’ झाली. दूर जमैकात थॉमस लेकी यांनी जर्सीत आपल्याकडील साहिवालचे रक्त मिसळून ‘जमैका होप’ ही जात घडविली. १९५२ साली तिला मान्यता मिळाली. तीत जर्सीचा वाटा सुमारे ८० टक्के आहे. पण तेथे जर्सी ही मुळात लहान चणीची, आणि निवड कित्येक दशके चाललेली.

आपल्या महाराष्ट्रात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे संस्था काढून संकराचे काम शेतकऱ्याच्या दारी नेले. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या मिलाफातून ‘फुले त्रिवेणी’ सिद्ध केली. तीत विलायती वाटा बारा आण्यांचा. म्हणून ती सावली, मुबलक पाणी आणि हिरवा चाराही त्याच मानाने मागते. ज्याच्यापाशी हे नाही, त्याने दुधाचा आकडा ऐकून तिला दावणीस बांधू नये.

लष्करी दुग्धशाळा ३१ मार्च २०२१ रोजी बंद झाल्या. त्यांनी शिकविलेला धडा मात्र शिल्लक आहे. आपण शहरवासी दुधाची पिशवी घेताना भाव पाहतो. गाईच्या भाकड दिवसांचा खर्च त्या भावात निघतो की नाही, हे क्वचितच पाहतो. तो निघत नसेल, तर कोणीतरी तो सोसतच असतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच : गाय घेणाऱ्याने कास अवश्य पाहावी, पण तिच्या वेतांची नोंदही मागावी.